मेस्त्री टिकवणारं गॅरेज

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आतल्या एका गल्लीत मोटारींचं हे गॅरेज आहे. त्याबद्दल लिहितेय, पण नाव देत नाही, कारण मालकांनीच तशी विनंती केली. "वहिनी, चांगलं-वाईट काय ते मोकळेपणानं लिहा, फक्त पाटीवरचं नाव नको. गिऱ्हाईक वाढलं तर सांभाळीन, पण माझी पोरं कुणी फोडली तर दुसरी कुठनं आणू?" त्यांची भीती खरी आहे. डिझेलचं काम जाणणारा चांगला मेस्त्री अमुक ठिकाणी आहे एवढं बाहेर कळलं, की आठवड्याभरात त्याला दोन हजार जास्त देणाऱ्याचा फोन आलेला असतो. ज्यांना खरंच जायचंय त्यांनी उद्यमनगरात कुणालाही "बिलावर मेस्त्रीचं नाव घालतात ते गॅरेज कुठलं" असं विचारावं. दाखवतील.

माझा टुरिस्ट गाड्यांचा व्यवसाय आहे. दोन इनोव्हा क्रिस्टा, दोन अर्टिगा, एक बोलेरो आणि एक फोर्स ट्रॅव्हलर. अंबाबाईला आलेल्या भाविकांना जोतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी फिरवणं, गणपतीपुळ्याच्या ट्रिपा, आणि २०२३ मध्ये गोव्यातला मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून तिकडच्या पहाटेच्या फेऱ्या. कोकणात उतरायचं म्हणजे करूळ, फोंडा, आंबा नाहीतर आंबोली, यातला कुठला तरी घाट आलाच. ब्रेक, क्लच आणि टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) या तीन गोष्टींवर माझं घर चालतं, असं म्हटलं तरी चालेल. म्हणून गॅरेज निवडताना मी चहा कसा मिळतो आणि बसायला एसी आहे का, हे बघत नाही.

आधीच सांगते, हे गॅरेज स्वस्त नाही. क्रिस्टाच्या नेहमीच्या सर्व्हिसिंगची मजुरी आजूबाजूच्या गॅरेजपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्शाने जास्त पडते. वेळ घेऊन जावं लागतं. संध्याकाळी सातनंतर काम बंद, सोमवारी पूर्ण सुट्टी. तरीही माझ्या सगळ्या गाड्या इथेच येतात आणि पुढेही येतील. कारण एकच: मागच्या वेळी ज्याने गाडी उघडली होती, तोच माणूस या वेळीही तिथे असतो.

हे वाचून कुणाला वाटेल, यात विशेष काय? ज्यांच्याकडे एकच गाडी आहे आणि ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाते, त्यांना फरक कळायला वेळ लागतो. पण गाडी लाखभर किलोमीटरच्या पुढे गेली की तिचा एक इतिहास तयार होतो आणि तो बिलावर कुठेच लिहिलेला नसतो. चेंबरच्या ड्रेन बोल्टचे आटे एकदा गेले होते आणि नवीन पाडून घेतलेत. मागच्या पावसाळ्यात एबीएसची वायर उंदराने कुरतडली होती, तिथे जोड आहे. डाव्या बाजूचा लोअर आर्म बदललाय, उजवा मूळचाच आहे. हे सगळं एका माणसाच्या डोक्यात असतं. तो गेला की गाडी त्या गॅरेजला पुन्हा नवखी होते. नवा माणूस पहिल्यापासून चाचपडतो आणि त्याच्या चाचपडण्याचे पैसे आपण देतो. याआधी ज्या गॅरेजला मी जायचे, तिथे दर दिवाळीनंतर निम्मे चेहरे बदललेले असायचे. मालक माणूस म्हणून चांगला होता, जागा मोठी होती, दोन पोस्टांची लिफ्ट होती, पण खाली उभा राहणारा माणूस दर वेळी वेगळा.

आता एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण या गॅरेजचं वेगळेपण त्यात नीट दिसतं. माझी एक क्रिस्टा करूळ घाट चढताना ओढेना. सपाटीला व्यवस्थित, चढाला पाय दाबला तरी गाडी मेल्यासारखी, आणि इंजिनचा दिवा लागलेला. ड्रायव्हरने परस्पर दुसऱ्या एका गॅरेजला दाखवली. तिथे स्कॅनर लावला, पी ०२९९ असा कोड आला, आणि पाच मिनिटांत निकाल मिळाला: टर्बो गेला, नवीन टाका. मी गाडी तशीच इथे आणली.

इथे ती मिळाली वायरिंग आणि स्कॅनिंगचं बघणाऱ्या पोराला. वय पंचविशीच्या आतबाहेर. त्याने तोच कोड वाचला आणि मला म्हणाला, "वहिनी, कोड एवढंच सांगतोय की टर्बोनं जेवढा दाब द्यायला पाहिजे तेवढा इंजिनाला मिळत नाही. टर्बो खराब आहे असं त्यात कुठं म्हटलंय? हवा वाटेत कुठं जातीय ते आधी बघूया." त्याने आधी टर्बोच्या शाफ्टचा लूज हाताने पाहिला, तो ठीक होता. मग हवेच्या मार्गात धूर भरण्याचं यंत्र जोडलं. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. मग दाब थोडा वाढवल्यावर ही हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी पाइपच्या खालच्या अंगाने धुराची बारीक रेघ सुटली. पाइपला क्लिपच्या कडेलाच चीर होती. गाडी उभी असताना मिटलेली, दाब आला की उघडणारी. पाइप बदलला, क्लिप नवीन टाकली, आणि मेस्त्री स्वतः गाडी घेऊन पन्हाळ्याच्या चढापर्यंत जाऊन आला. टर्बोच्या किमतीशी तुलना केली तर मी दिलेलं बिल किरकोळ होतं.

त्या बिलात एक ओळ होती: "तपासणी, दीड तास". पार्टचे पैसे वेगळे, पार्ट बसवायची मजुरी वेगळी, आणि दोष शोधायला लागलेल्या वेळेचे पैसे वेगळे. खाली त्या पोराचं नाव.

आपल्याकडे बहुतेक गॅरेज चालतात ती पार्टवरच्या कमिशनवर आणि बसवायच्या मजुरीवर. शोधण्याचे पैसे मागितले की गिऱ्हाईक म्हणतं, नुसतं बघायचे कसले पैसे? मग मालकाला आणि मेस्त्रीला दोघांनाही शोधण्यात काही मिळत नाही. बदलण्यात मिळतं. टर्बो बदला, इंजेक्टर बदला, सेन्सर बदला. कुठल्या तरी बदलात दोष जाईलच. जो पोरगा डोकं लावून दोन तासांत शंभर रुपयांची चीर शोधतो, त्याने मालकाचं नुकसानच केलेलं असतं. असं दोन-चार वर्षं चाललं की हुशार पोरगा एकतर शोधणं सोडून देतो, नाहीतर गॅरेज सोडून जातो. इथे तपासणीच्या रकमेतला निम्मा वाटा ज्याने दोष शोधला त्याला पगाराशिवाय मिळतो. मी एकदा मालकांना म्हटलं, नेहमीच्या गिऱ्हाइकांना तरी तपासणी माफ करा. ते म्हणाले, "माफ केली तर पोराच्या खिशातनं जातीय. माझ्या मजुरीत कमी करतो, त्यात नाही." त्यानंतर मी हा विषय काढला नाही.

परत आलेल्या गाडीचं इथे काय होतं, हेही बघण्यासारखं आहे. काम करून दिलेली गाडी तीच तक्रार घेऊन परत आली की बऱ्याच ठिकाणी मेस्त्रीच्या पगारातून कापतात, निदान चारचौघांत शिव्या घालतात. परिणाम असा की कुणीच कधी चुकत नाही. दोष पार्टचा असतो, ड्रायव्हरचा असतो, रस्त्याचा असतो. माझ्या एका अर्टिगाचे पुढचे ब्रेक पॅड बदलल्यावर थोड्याच दिवसांत चाकातून घासल्याचा आवाज येऊ लागला. गाडी आणली. ज्याने पॅड टाकले होते त्याने चाक काढलं, दोन मिनिटं पाहिलं आणि सगळ्यांसमोर सरळ म्हणाला, "कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावायचं माझ्याकडनं राहिलं. पिन अडकलीय, त्यामुळं पॅड सुटत नाही." कुणी आवाज चढवला नाही. मोठे मेस्त्री बाजूला येऊन उभे राहिले, त्याच पोराने दोन्ही बाजूंच्या पिना काढून काम पुन्हा केलं, पैसे घेतले नाहीत, आणि भिंतीला टांगलेल्या वहीत तारीख, गाडी, काय राहिलं, हे लिहिलं गेलं. ती वही मी चाळली आहे. त्यात मालकांच्या स्वतःच्या हातची एक नोंद आहे. घाटात माणसं भरून गाडी पाठवणारी बाई म्हणून मला अशाच गॅरेजचा भरवसा वाटतो, जिथे मेस्त्रीला खरं बोलायची भीती नाही.

मोठे मेस्त्री साठीच्या घरातले. महिंद्राच्या जुन्या जीप, ॲम्बॅसेडर, मॅटाडोर यांच्यावर त्यांचा हात बसलेला. बेअरिंगचा आवाज पुढच्या चाकाचा की मागच्या, हे ते गाडीत न बसता सांगतात. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस सहा हे कडक नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी पकडणारा फिल्टर, जास्तीचे सेन्सर, सगळंच वाढलं. आता आपलं काही खरं नाही, घरी बसतो, असं ते म्हणाले होते. मालकांनी त्यांना स्कॅनर शिकायला लावलं नाही आणि घरीही बसवलं नाही. स्कॅनरवाल्या पोराची आणि त्यांची जोडी लावली. पोरगा आकडा वाचतो, मेस्त्री प्रश्न विचारतात. रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब, किती? गाडी उभी असताना किती, पाय दाबल्यावर किती होतं? एवढं वाढायला वेळ का लागतोय? आता त्यांना आकड्यांवरून पंपाची अवस्था कळते आणि पोराला आवाज ऐकायची सवय लागली आहे. अवजड गिअरबॉक्स उचलायला त्यांना बोलवत नाहीत, पण पगार कमी केलेला नाही.

या जोडीने माझे मोठे पैसे वाचवले. माझी नवी क्रिस्टा मी एका कंपनीच्या कामाला लावली होती. दिवसभर कोल्हापुरातल्या कोल्हापुरात, पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्या. काजळीच्या फिल्टरचा दिवा वारंवार लागायला लागला. दुसरीकडे कुणी फिल्टर कापून काढायचा सल्ला देतात; तो बेकायदा आहे आणि इथे असलं काम घेत नाहीत. मोठ्या मेस्त्रींनी मला बसवून समजावलं. फिल्टरमध्ये साठलेली काजळी जळायला आत साधारण सहाशे अंशांपर्यंत तापमान जावं लागतं, आणि ते सलग हायवेला चालल्याशिवाय नीट होत नाही. गाडी तापायच्या आत बंद होत असेल तर काजळी साठतच राहणार. त्यांनी सांगितलं, "ही गाडी मोप्याला पाठवा आणि गावातल्या फेऱ्यांना पेट्रोलची अर्टिगा लावा." पार्ट काहीच विकला नाही. मी गाड्यांची अदलाबदल केली आणि दिवा लागायचा थांबला.

नवीन माणूस इथे कसा येतो, तेही सांगते. मला यातलं बरंच नंतर कळलं, कारण माझ्या भावकीतल्या एका मुलाला मी इथे चिकटवायच्या खटपटीत होते. आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेइकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा. मालक दरवर्षी कळंब्याच्या सरकारी आयटीआयमधून दोनच मुलं शिकाऊ म्हणून घेतात, तीही रीतसर नोंदणी करून. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. चार ते एकोणतीस माणसांच्या ठिकाणी शिकाऊ घेणं ऐच्छिक आहे, तीस किंवा त्याहून जास्त असतील तर सक्तीचं. २०१६ च्या केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, सरकार देतं, आणि आता ती रक्कम थेट मुलाच्या खात्यात जमा होते. म्हणजे छोट्या गॅरेजलाही हे परवडू शकतं. पण उद्यमनगरात मी जेवढ्यांना विचारलं, त्यातल्या फार थोड्यांनी नोंदणी केलेली होती. बाकीच्यांना तयार माणूस हवा असतो. दुसऱ्याने तीन वर्षं शिकवावं, आपण दोन हजार वाढवून न्यावं. ज्या गावात म्हादबा मेस्त्रींसारख्या जुन्या कारागिराचं नाव आजही आदराने घेतात, त्या गावाला हे शोभत नाही, असं मला मनापासून वाटतं.

आयटीआयचा मुलगा बाहेर कुठे लागला की त्याचं पहिलं वर्ष गाड्या धुण्यात, चहा आणण्यात आणि पार्टच्या दुकानाच्या फेऱ्यांत जातं. दोन वर्षं जे शिकला ते विसरतो. तेवढ्यात मित्र सांगतो की पार्सल पोचवायच्या कामात पहिल्याच महिन्यात जास्त सुटतात, आणि मुलगा जातो. नाहीतर चाकणला कंपनीत असेंब्लीवर लागतो. गाडी धुणं इथेही आहे, पण ते पाळीने सगळ्यांना आहे. शिकाऊ मुलगा पहिल्या दिवसापासून कुठल्या तरी मेस्त्रीच्या हाताखाली असतो आणि भिंतीवरच्या तक्त्यावर त्याच्या पायऱ्या लिहिलेल्या असतात: सर्व्हिसिंग, ब्रेक आणि सस्पेन्शन, क्लच-गिअरबॉक्स, इंजिन, तपासणी. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जायला गाडीवर प्रत्यक्ष काम करून दाखवावं लागतं, आणि ते बघायला मालकांबरोबर दुसरा एक मेस्त्री असतो. पुढची पायरी चढली की पगार किती वाढणार, हे त्याच तक्त्यावर आहे. मालकाच्या मर्जीवर, दिवाळीच्या तोंडावर, अडून बसल्यावर वाढणारा पगार मी खूप ठिकाणी पाहिलाय. इथल्या पोरांना पुढच्या वर्षीचा आकडा आजच माहीत असतो.

हत्यारांचंही तसंच. इतर ठिकाणी एक गोटी पान्यांचा सेट चौघांत, आणि दहाची गोटी कायम हरवलेली. चाकांचे नट टामीवर पाय देऊन आवळायचे. इथे प्रत्येकाची चाकांची ट्रॉली आहे, पाने मोजून लावलेले आहेत, आणि चाक बसवल्यावर नट ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क रेंच लागतोच लागतो. क्रिस्टाच्या चाकाचा नट शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचा असतो. पायाने आवळला तर त्याच्या कितीतरी वर जातो आणि रस्त्यात पंक्चर झाल्यावर माझ्या ड्रायव्हरला तो निघत नाही. ट्रॉली गॅरेजच्या पैशातून येते आणि तीन वर्षांनी त्या मेस्त्रीच्या मालकीची होते. नंतर तो नोकरी सोडून गेला तरी ट्रॉली घेऊन जातो.

उचल मात्र इथे मर्यादित आहे. या धंद्यात माणूस बांधून ठेवायचा जुना मार्ग म्हणजे उचल. पन्नास हजार, लाख आधी द्यायचे, मग ती फिटेपर्यंत माणूस हलू शकत नाही. हलला तर नवा मालक उचल फेडून त्याला नेतो आणि माणूस कर्जासकट दुसऱ्या दारात जातो. मालक आजारपणाला किंवा लग्नाला मदत करतात, पण दोन पगारांच्या वर नाही. त्याऐवजी सगळ्यांचा पगार बँकेत होतो, पगाराची पावती मिळते, आणि वीसपेक्षा कमी माणसं असून, सक्ती नसताना, मालकांनी पीएफ घेतला आहे. त्या पावतीवर एका मेस्त्रीला घराचं कर्ज मिळालं. दुसऱ्याचं लग्न ठरताना मुलीच्या वडिलांनी पावती मागून पाहिली आणि मग होकार दिला, हे त्याने स्वतः मला सांगितलं. "मुलगा गॅरेजला आहे" म्हटल्यावर स्थळं परत जातात, हे आपल्या भागातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. माझ्या मते चांगली पोरं हा धंदा सोडतात त्यात पगाराइतकाच या अपमानाचा वाटा आहे.

वायरिंगच्या बाजूला एक मुलगी काम करते, आयटीआय झालेली. मी पहिल्यांदा तिला बोनेटखाली वाकलेली पाहिली तेव्हा थांबून बोलले. बाईमाणसासाठी वेगळं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला खोली, हे आधी बांधलं आणि मग तिला घेतलं. तिच्या आईवडिलांना बोलावून सगळं दाखवलं. सातला गॅरेज बंद होतं त्यामुळे तिला गावाकडची एसटी मिळते. मल्टिमीटर घेऊन ती ज्या चिकाटीने एकेक वायर तपासते, तसं काम मी क्वचितच पाहिलंय.

कुणीच सोडून जात नाही, असं नाही. एक मेस्त्री गडहिंग्लजला स्वतःचं गॅरेज टाकायला गेला. मालकांनी त्याची पार्टच्या दुकानात उधारीची ओळख करून दिली, आणि तिकडच्या गिऱ्हाइकांना आता तेच त्याच्याकडे पाठवतात. अवघड स्कॅनिंगचं काम तो इकडे पाठवतो. दुसरा शारजाला गेला, काही वर्षांनी परत आला, आणि त्याला त्याच्या पायरीवर घेतलं. तिकडे शिकलेलं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम आता इथे होतं, जे आधी पुण्याला पाठवावं लागायचं.

आता जे पटत नाही ते. सगळ्यात आधी, सीझनचा प्रश्न. नवरात्रात, दिवाळीच्या सुट्टीत आणि मे महिन्यात माझी गाडी संध्याकाळी बंद पडली तर सातनंतर इथे दार वाजवून उपयोग नाही. मालकांचं म्हणणं, रात्रीचं काम सुरू केलं की आधी झोप जाते, मग पोरगा जातो. त्यांची बाजू मला कळते. पण माझं बुकिंग जातं, आणि ते भाविक पुन्हा मला फोन करत नाहीत. सीझनपुरते दोघे जण पाळीने, दुप्पट मजुरीवर, दहापर्यंत ठेवावेत, ज्यांना यायचंय त्यांनीच यावं, आणि ती मजुरी आम्ही गाडीवाल्यांनी द्यावी. मी हे त्यांना दोनदा सुचवलंय. अजून झालेलं नाही. तोवर मला रात्रीसाठी दुसरं गॅरेज धरून ठेवावं लागतं आणि तिथे मी फक्त तात्पुरतं काम करून घेते.

फोन उचलत नाहीत, हीदेखील जुनी तक्रार. हात तेलात असतात हे मान्य, पण फोन घ्यायला एक माणूस हवा. बसायची जागा म्हणजे पत्र्याखालचं बाकडं, एप्रिलमध्ये तिथे दहा मिनिटंही बसवत नाही. गल्ली अरुंद, ट्रॅव्हलर आत घ्यायची तर समोरच्या लेथवाल्याला टेम्पो हलवायला सांगावं लागतं. डेंटिंग-पेंटिंग करत नाहीत. इलेक्ट्रिक गाड्या अजून घेत नाहीत. त्यांच्या बॅटरीचा दाब तीनशे-चारशे व्होल्टचा, त्याला वेगळे रबरी हातमोजे, वेगळी हत्यारं आणि शिकलेला माणूस लागतो. स्कॅनरवाला पोरगा आणि ती मुलगी, दोघांना त्याचं शिक्षण घ्यायला मालक पाठवणार आहेत, पगार चालू ठेवून. घाई करून हात घातला नाही, हे मला बरं वाटलं.

ज्याला फक्त ऑइल बदलून अर्ध्या तासात निघायचंय, त्याने इथे येऊ नये, पैसे जास्त वाटतील. डिझेल गाडी जुनी झालीय, तक्रार एकाच वेळी तिघांनी तीन प्रकारे सांगितलीय, किंवा गाडी घाटात चालते, त्याने जरूर यावं. येताना आधीची बिलं आणि आधी काय काय बदललंय ते लिहून आणा, मेस्त्री खरंच वाचतात. कुठलं काम आहे त्यावरून कुणाकडे गाडी द्यायची ते मालक ठरवतात; पुढच्या वेळी त्याच माणसाचं नाव सांगून तारीख मागा, देतात. तारीख साधारण आठवड्यानंतरची मिळते. नवरात्राच्या आधी काम उरकायचं असेल तर गणपती व्हायच्या आतच जाऊन तारीख घेऊन ठेवा, आणि फोनवर विसंबू नका, समक्ष जा.